मामीच्या व्हिडिओतली रिकामी दोन मिनिटं

मामीचं पित्ताशय काढलं त्याला वर्ष होत आलं. डिस्चार्जच्या दिवशी दवाखान्याने दोन वस्तू हातात दिल्या: छोट्या बाटलीत खडे आणि एक पेन ड्राइव्ह. खडे मामीने पुढचे दोन महिने घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर दाखवले. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावायची हिंमत मात्र कुणाला झाली नाही. तो फिरत फिरत माझ्याकडे आला, कारण व्हिडिओत काय चाललंय ते संगणकाला ओळखायला शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. एरवी मी रस्त्यावरच्या गाड्या आणि कारखान्यातल्या पट्ट्यावरून जाणारे नटबोल्ट मोजतो. माणसाच्या पोटात डोकावण्याची ही पहिलीच वेळ. अर्थात मामीला विचारून.

व्हिडिओ ४१ मिनिटांचा. तेविसाव्या मिनिटाला त्यात सगळं थांबतं. दोन्ही हत्यारं जागच्या जागी, कॅमेरा स्थिर, काही कापलं जात नाही, ओढलं जात नाही. आधी वाटलं रेकॉर्डिंग अडकलं. पण यकृताची तांबूस कड श्वासाबरोबर सावकाश वर-खाली होत होती. म्हणजे व्हिडिओ चालू होता, माणसं थांबली होती. दोन मिनिटं दहा सेकंदांनी डावीकडचं हत्यार हललं आणि काम पुढे सुरू झालं.

अशाच ऑपरेशनांच्या व्हिडिओंवर शिकवलेला एक प्रोग्राम मी त्यावर चालवला. त्या दोन मिनिटांवर त्याने शेरा मारला: ‘साफसफाई’. सपशेल चूक. तिथे खरं काय चाललं होतं ते मला नंतर सर्जनकडूनच कळलं, आणि ते कळल्यावर यंत्राने ऑपरेशन पाहण्याचा उपयोग नेमका कुठे आहे याबद्दलचं माझं मत बदललं.

पोटाकडे न बघता पोटाचं ऑपरेशन

दुर्बिणीच्या ऑपरेशनात बेंबीजवळून कॅमेऱ्याची नळी आत जाते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केलेली असते, आणखी दोन-तीन बारीक छिद्रांतून लांब दांड्याची हत्यारं जातात. सर्जन पेशंटच्या पोटाकडे बघत नाही, समोरच्या मॉनिटरकडे बघतो. कॅमेरा बहुधा असिस्टंटच्या हातात असतो, त्यामुळे ‘जरा जवळ’, ‘मागे घे’, ‘लेन्स पुस’ हे ओटीतलं, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधलं, अखंड चालणारं संभाषण.

पित्ताशय असं काढण्याची सुरुवात जर्मनीत एरिक म्यूहं यांनी १९८५ साली केली. आपल्याकडे ते १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी आणलं. पेशंटला त्याचा फायदा दिसला तो टाके कमी आणि घरी लवकर. आणखी एक गोष्ट मात्र गुपचूप घडली होती. सर्जनला जे दिसतं ते सगळं आता तारेतून जात होतं. आणि तारेतून जाणारं चित्र शेजारच्या खोलीत नेता येतं, दुसऱ्या शहरात नेता येतं, संगणकालाही दाखवता येतं. उघड्या ऑपरेशनात सर्जनच्या डोक्यावर कॅमेरा बांधला तरी निम्मा वेळ त्यात त्याचाच हात येतो.

आता पित्ताशयाची रचना. यकृताखाली लोंबणारी लहान वांग्याएवढी पिशवी. तिच्या देठातून एक बारीक नळी निघते आणि यकृताकडून आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला मिळते. बारीक नळीला क्लिपा लावून ती कापायची, मुख्य नळीला हात लावायचा नाही. सांगायला एवढंच. आपल्या फ्लॅटचं कनेक्शन तोडायचं आणि इमारतीची मुख्य लाइन शाबूत ठेवायची, तसं. फक्त इथे दोन्ही पाइप एकाच रंगाचे, शेजारी शेजारी, चरबीत गुंडाळलेले, आणि सूज असेल तर एकमेकांना चिकटलेले. मुख्य नळीला इजा होण्याचं प्रमाण हजारात दोन ते पाच एवढंच आहे. पण ज्याच्या वाट्याला ते येतं त्याला पुन्हा मोठं ऑपरेशन, महिनोन् महिने उपचार, कधी आयुष्यभराचं दुखणं.

अमेरिकेत लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५२ इजा एकत्र करून तपासल्या आणि २००३ साली निष्कर्ष मांडले. सर्वसाधारण समज असा की कुणाचा तरी हात घसरला असेल. त्यांना दिसलं ते वेगळंच: ९७ टक्के प्रकरणांत चूक मुळात पाहण्याची होती. सर्जनने कापलं व्यवस्थित, पण बारीक नळी समजून मुख्य नळीच कापली. आपल्याकडे दोरीला साप समजण्याचा दृष्टान्त आहे, इथे त्याच्या उलट, सापाला दोरी समजणं. आणि मन एकदा ‘ही दोरीच’ म्हणालं की पुढचं सगळं त्याच समजुतीत बसवून घेतं. अनुभवी माणूसही यातून सुटत नाही.

हा लेख या ९७ टक्क्यांवर उभा आहे. चूक हाताची असती तर दूरच्या माणसाने किंवा यंत्राने बघून फारसं काही साधलं नसतं. चूक नजरेची असेल तर दुसरी नजर कामाची.

याच धोक्यावर स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली एक शिस्त सांगितली होती. सर्जन तिला ‘क्रिटिकल व्ह्यू’ म्हणतात. क्लिप लावण्याआधी तीन गोष्टी डोळ्यांनी दिसल्याच पाहिजेत. देठाजवळच्या त्रिकोणातली चरबी आणि जाळं साफ झालेलं हवं. पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा झालेला हवा. आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन, आणि दोनच, गोष्टी दिसायला हव्यात: एक नळी, एक रक्तवाहिनी. नियम सोपा, पाळणं अवघड. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ऑपरेशन नोट आणि व्हिडिओ समोरासमोर ठेवून ताडून पाहिले, तेव्हा ‘क्रिटिकल व्ह्यू मिळाला’ असं नोटमध्ये लिहिलेल्या सगळ्याच ठिकाणी व्हिडिओत तो मिळालेला नव्हता. कुणी खोटं लिहीत होतं असं मला वाटत नाही. त्यांना तो मिळाल्यासारखा वाटला होता.

यंत्राला ऑपरेशन ‘दिसतं’ म्हणजे काय

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला साधारण २५ चित्रं. तासाभराच्या ऑपरेशनात ९० हजार. यंत्राच्या लेखी यातलं प्रत्येक चित्र म्हणजे नुसते आकडे: कुठल्या ठिपक्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती. या आकड्यांमधून ‘हे हूक (जाळत कापणारं आकड्यासारखं हत्यार) आहे’ आणि ‘हे पित्ताशय आहे’ इथवर पोचायला त्याला उदाहरणं लागतात, आणि उदाहरणं माणसाने बसून बनवावी लागतात.

या क्षेत्राची बाराखडी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये लिहिली गेली. तिथल्या संशोधकांनी १३ सर्जननी केलेल्या पित्ताशयाच्या ८० ऑपरेशनांचे व्हिडिओ घेतले आणि ऑपरेशनचे सात टप्पे पाडले: तयारी, त्रिकोण मोकळा करणं, क्लिप लावून कापणं, पित्ताशय यकृतापासून सोडवणं, पिशवीत भरणं, साफसफाई, बाहेर काढणं. कुठल्या क्षणी कुठला टप्पा चालू आहे आणि सातपैकी कुठलं हत्यार पडद्यावर आहे, हे सगळं त्यांनी टिपून ठेवलं. ‘कोलेक-८०’ नावाचा हा संग्रह त्यांनी संशोधकांना खुला केला आणि तेव्हापासून जगभर नवा प्रोग्राम लिहिणारा प्रत्येक जण आधी त्यावर हात साफ करतो. मीही तेच केलं.

शिकवणं कसं चालतं? प्रोग्रामला चित्र दाखवायचं, उत्तर विचारायचं. सुरुवातीला तो ठोकताळे मारतो. उत्तर चुकलं की आतले लाखो छोटे स्क्रू किंचित पिळायचे. लाखो वेळा हे केलं की आतल्या पहिल्या थरांना कडा आणि रंगातले फरक कळायला लागतात, पुढच्यांना चकाकणारा धातू, वळलेलं टोक, फुगीर पिवळसर पिशवी असे आकार. हे कुणी त्याला शब्दांत सांगितलेलं नसतं.

पण एका चित्रावरून टप्पा ओळखणं जमत नाही. झाकण लावलेल्या कुकरचा फोटो तुम्हाला दाखवला तर भात लावलाय की झालाय, सांगता येईल? त्यासाठी आधी काय घडलं ते माहीत हवं, शिट्ट्या मोजलेल्या हव्यात. ऑपरेशनमध्येही हूक, यकृत आणि पित्ताशय एवढंच दिसणारं चित्र दुसऱ्या टप्प्यातलंही असू शकतं आणि चौथ्यातलंही. मधे क्लिप लागून गेल्या का, यावर ते ठरतं. म्हणून चित्र ओळखणाऱ्या भागामागे दुसरा एक भाग जोडतात, जो आधीचं लक्षात ठेवतो. गेल्या दहा वर्षांत या क्षेत्रात जी सुधारणा झाली तिच्यातला मोठा वाटा या आठवण ठेवणाऱ्या भागाचा.

टप्प्यांच्या पुढची पायरी मला जास्त आवडते, कदाचित शाळेतल्या व्याकरणाच्या तासामुळे. स्ट्रासबुर्गच्याच मंडळींनी प्रत्येक क्षणाचं वाक्य पाडायला घेतलं: कशाने, काय केलं, कशाला. ‘चिमट्याने पित्ताशय मागे ओढलं.’ ‘हूकने नळीभोवतीची चरबी सोडवली.’ अशी शंभर प्रकारची वाक्यं. अवघड आहे, कारण ‘चिमटा’ ओळखणं सोपं असलं तरी तो धरतोय की नुसता टेकलाय, हे माणसालाही दोनदा पाहावं लागतं.

आणि तिसरी गोष्ट, जी सर्जनच्या थेट उपयोगाची: टोरांटोतल्या अमीन मदानी यांच्या गटाने ३७ देशांतून आलेले पित्ताशयाचे २९० व्हिडिओ घेऊन असा प्रोग्राम शिकवला, की तो पडद्यावर दोन रंग चढवतो. इथे काम करायला हरकत नाही, आणि इथे जाऊ नका. स्ट्रासबुर्गच्या गटाने क्रिटिकल व्ह्यूच्या तीन अटींपैकी कुठली पुरी झाली हे सांगणारा प्रोग्राम केला.

यांच्या अचूकतेचे आकडे वाचताना मात्र सांभाळून. मी याच धंद्यातला असल्याने सांगतो. समजा तासाभराच्या ऑपरेशनमध्ये धोक्याचे क्षण सगळे मिळून २० सेकंद आहेत. जो प्रोग्राम काहीही न बघता पूर्ण तासभर ‘सगळं ठीक’ म्हणत राहील, तो ३६०० पैकी ३५८० सेकंद बरोबर ठरेल. म्हणजे ९९.४ टक्के. एवढे गुण मिळवूनही तो कवडीच्या कामाचा नाही. उलट टोकाचा प्रोग्राम प्रत्येक सावलीला ओरडतो, आणि त्याचं काय होतं ते गल्लीत गाडी मागे घेताना वाजणारा सेन्सर ज्यांनी कंटाळून बंद केलाय त्यांना माहीत आहे.

मग दूरचा डॉक्टर कुठे आला?

‘दूरवरून ऑपरेशन’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते २००१ सालचं. त्या वर्षी ७ सप्टेंबरला झाक मारेस्को हे सर्जन न्यूयॉर्कमध्ये बसले होते आणि पेशंट, ६८ वर्षांच्या एक बाई, स्ट्रासबुर्गमध्ये. पुन्हा तेच गाव. मधे अटलांटिक. मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये हात हलवले की स्ट्रासबुर्गमध्ये झ्यूस नावाचा रोबो हलत होता. हात हलवल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत सरासरी १५५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागाच्या आसपास. ऑपरेशन कशाचं? पित्ताशयाचंच. ते यशस्वी झालं, पण चारच दिवसांनी न्यूयॉर्कमधल्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला आणि ही बातमी त्याखाली गाडली गेली.

त्यानंतर कॅनडात मेहरान अनवारी यांनी हॅमिल्टनहून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या नॉर्थ बे गावातल्या पेशंटवर अशी वीसेक ऑपरेशनं केली. गुजरातमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाममध्ये बसून ३२ किलोमीटरवरच्या अहमदाबादमधल्या हृदयरुग्णांच्या रक्तवाहिन्यांत स्टेंट बसवले. म्हणजे हे होतं, होऊ शकतं. तरी पंचवीस वर्षांत ते घरोघरचं झालेलं नाही, आणि याचं कारण फक्त रोबोची किंमत नाही. लाइन तुटली, रोबो अडला, तर पेशंटशेजारी हात घालू शकणारा सर्जन लागतोच. म्हणजे ज्या गावात सर्जनच नाही तिथे हे करता येत नाही. आणि जिथे सर्जन आहे, तिथे त्याला दूरचे हात नको असतात. त्याला हवा असतो सल्ला. ‘सर, ही नळी कुठली वाटते?’

आता मामीच्या त्या दोन मिनिटांकडे येतो.

सर्जन आमच्या तालुक्याच्या गावातले, चाळिशीचे. मी संकोचत विचारलं, ते जोरात हसले. म्हणाले, ‘अहो, तेव्हा मी फोटोची वाट बघत होतो.’ झालं असं होतं: मामीचं पित्ताशय सुजलेलं. त्रिकोण मोकळा करत आणला, पण दोनच्या ऐवजी तीन गोष्टी दिसल्यासारख्या वाटायला लागल्या. त्यांनी हत्यारं थांबवली, सिस्टरला मोबाइलवर मॉनिटरचा फोटो काढायला सांगितलं आणि तो व्हॉट्सअॅपवर मुंबईतल्या आपल्या गुरूंना पाठवला. सर ओपीडीत होते. दोन मिनिटांनी उत्तर आलं, एका ओळीचं: ‘मागून पण दाखव. घाई नको.’ मग त्यांनी पित्ताशय उलटं वळवून मागची बाजू साफ केली, आणि तिसरी गोष्ट म्हणजे चरबीची घडी निघाली. व्हिडिओत ते वळवणं दिसतं. मी ते आधी दहा वेळा पाहिलं होतं, अर्थ कळला नव्हता.

दूरवैद्यक म्हणतात ते आपल्याकडे असं चालू आहे. मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, आणि पलीकडे पेशंट तपासता तपासता फोन बघणारे सर. त्यात पेशंटच्या खासगीपणाचे तीनतेरा वाजतात हे खरं. पण त्या फोटोमुळे मामीच्या पोटातली तिसरी वस्तू क्लिप लावण्याआधी ओळखली गेली, हेही खरं.

या साखळीत टंचाई कशाची आहे? इंटरनेटची वाटते, पण काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते गडचिरोली हजार किलोमीटर तार धरली तरी जायला पाच मिलिसेकंद. उशीर होतो तो व्हिडिओ दाबून बारीक करण्यात, मधल्या यंत्रांत आणि पलीकडे तो पुन्हा उलगडण्यात. तेही सल्ल्यासाठी चालून जातं, रोबोसाठी अवघड. खरी टंचाई आहे ती त्या सरांच्या लक्षाची. दहा तालुक्यांतले दहा विद्यार्थी दिवसभर ऑपरेशनं करत असतील तर दहाही व्हिडिओ सर बघू शकत नाहीत. त्यांना फक्त ते वीस सेकंद दाखवायला हवेत ज्यांत निर्णय आहे. आणि तालुक्यातल्या सर्जनलाही ‘आता विचारायला हवं’ हे वेळेत सुचायला हवं. मामीच्या सर्जनला सुचलं. दोरी-सापाच्या फेऱ्यात अडकलेल्याला ते सुचतच नाही, कारण त्याला शंकाच आलेली नसते.

माझ्या मते यंत्राची जागा ही आहे. त्याने कापू नये, निदानही करू नये. त्याने पहाऱ्यावर बसावं. क्लिपर पोटात आला, पण क्रिटिकल व्ह्यूच्या तीनपैकी एकच अट पुरी दिसतेय, तर पडद्याच्या कोपऱ्यात तेवढं दाखवावं. सर्जनने होकार दिला तर त्या क्षणाच्या आगेमागची वीस-तीस सेकंदं कापून, स्वच्छ प्रतीची, सरांच्या फोनवर पाठवावीत. सरांनी बोटाने रेघ ओढली तर ती इकडच्या मॉनिटरवर दिसावी. बाकीच्या चाळीस मिनिटांनी कुणाचा वेळ खाऊ नये.

यासाठी हिशोब करणारा संगणक ओटीतच हवा, दूरच्या सर्व्हरवर नाही. एचडी व्हिडिओतलं एक चित्र म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके, प्रत्येकाचे तीन आकडे. सेकंदाला अशी २५ चित्रं न दाबता पाठवायची तर दर सेकंदाला दीडशे एमबीच्या वर जातं. दाबली तर जातात, पण दाबताना पहिला बळी बारीक तपशिलांचा, आणि नळी ओळखायची ती त्या तपशिलांवरूनच. म्हणून विश्लेषण जागेवर, मूळ चित्रावर. लांब पाठवायचा तो निवडलेला तुकडा.

ऑपरेशननंतरचाही एक उपयोग आहे, ज्याबद्दल सर्जन फारसं बोलत नाहीत. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणाऱ्या २० सर्जननी आपला एकेक व्हिडिओ दिला, नावं झाकून इतर सर्जननी हातोटीला गुण दिले. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी गुणवाल्यांच्या पेशंटमध्ये गुंतागुंत १४.५ टक्के, सर्वांत जास्त गुणवाल्यांच्या ५.२ टक्के. एका व्हिडिओवरून! असे गुण देणारे ज्येष्ठ सर्जन प्रत्येक गावाला मिळणार नाहीत. टप्पे आपोआप पाडून ‘त्रिकोणाची ही आठ मिनिटं बघा’ असं कुणी त्यांच्यापुढे ठेवलं तर एका संध्याकाळी दहा जणांचं काम पाहून होईल. सर्जनना याची भीती वाटते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. शिकण्यासाठी ठेवलेला व्हिडिओ ग्राहक आयोगात पुरावा म्हणून आला तर पुढच्या वेळी रेकॉर्डिंगचं बटण कोण दाबेल?

जिथे अडतं

मामीच्या व्हिडिओवर माझ्या प्रोग्रामने आणखी दोन गोंधळ घातले. हूकने जाळताना धूर झाला की त्याला काही सुचेना, दर सेकंदाला टप्पा बदलायला लागला. आणि रक्त टिपायला आत टाकलेला गॉजचा तुकडा त्याला पित्ताशय भरायची पिशवी वाटला. स्ट्रासबुर्गच्या व्हिडिओंत पांढरं आणि सुरकुतलेलं म्हणजे बहुधा पिशवीच, मग त्याचा तरी काय दोष.

ही गंमत नाही, दुखण्याचं मूळ आहे. स्ट्रासबुर्ग आणि स्वित्झर्लंडमधलं बर्न, दोन्ही श्रीमंत, दोन्ही आधुनिक, शेजारी म्हणावीत अशी. तरी एका ठिकाणी शिकवलेला प्रोग्राम दुसऱ्या ठिकाणच्या जठराच्या बायपास ऑपरेशनांवर चालवला तेव्हा त्याचे गुण घसरले. टप्प्यांचा क्रम वेगळा, सवयी वेगळ्या. मग आपल्या तालुक्याच्या ओटीचं काय होईल? इथे कॅमेरा जुना, प्रकाश पिवळट, आणि पेशंट तीन वेळा दुखून गेल्यावर, कापणी उरकून आलेला, त्यामुळे पित्ताशय जाड आणि चिकटलेलं. यंत्राची गरज जिथे सगळ्यांत जास्त, तिथलेच व्हिडिओ त्याने पाहिलेले नाहीत. इथले व्हिडिओ इथल्याच सर्जननी बसून टिपल्याशिवाय हे सुटणार नाही. ते कंटाळवाणं काम आहे. क्रिटिकल व्ह्यू मिळाला की नाही यावर तीन तज्ज्ञांची तीन मतं पडतात, आणि यंत्राला शिकवायला एक उत्तर लागतं.

शिवाय गावाकडची बरीच ऑपरेशनं उघडी होतात. तिथे कॅमेराच नाही, तर विश्लेषण कशाचं?

खासगीपणाचा एक मजेशीर मुद्दा: पोटाच्या आतून माणूस ओळखू येत नाही. पण लेन्स पुसायला कॅमेरा बाहेर काढला की रेकॉर्डिंग चालूच असतं. मामीच्या व्हिडिओत अशी सहा ठिकाणं आहेत. त्यात सिस्टरचा चेहरा आहे, भिंतीवरचं घड्याळ आहे, आणि एकदा पाटीवर लिहिलेलं मामीचं पूर्ण नाव. बाहेरचं चित्र ओळखून ते आपोआप धूसर करणारे प्रोग्राम आहेत, आणि माझ्या दृष्टीने व्हिडिओ कुणालाही पाठवण्याआधी चालवायचा पहिला प्रोग्राम तोच.

कायद्याचं थोडक्यात. २५ मार्च २०२० ला आलेल्या आपल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी दूरवरून शस्त्रक्रिया करणं त्या सूचनांच्या बाहेर ठेवलं. एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेणं त्यांत बसतं, पण सल्ला घेतला तरी जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरचीच राहते. सल्ला यंत्राने दिला असेल तर? मामीच्या सर्जनना मी विचारलं. ते म्हणाले, ‘क्लिप माझ्या हातात असते हो.’

घरी येऊन मी त्या दोन मिनिटं दहा सेकंदांवरचा ‘साफसफाई’ हा शेरा खोडला. सात टप्प्यांत बसेल असं तिथे काही नव्हतं, म्हणून आठवा तयार केला: ‘विचारतोय’. एका उदाहरणावरून कुठलाच प्रोग्राम काही शिकत नाही, त्यामुळे तो आठवा टप्पा सध्या माझ्या फाइलमध्ये एकटाच पडून आहे.

मामीला सगळं समजावून सांगितलं. गुरूंचा निरोप, मागून वळवून पाहणं, चरबीची घडी. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, ‘म्हणजे मी तिकडे पोट फुगवून पडलेली, आणि हे फोनवर?’


मी म्हटलं, ‘हो.’

‘बिल दाखव बरं ते पुन्हा,’ मामी म्हणाली, ‘त्यात मुंबईच्या सरांची फी धरलीय का बघू.’